दोन दोन एक

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणत. गवंड्याचा मुलगा म्हणून कुणीतरी थट्टेनं हे नाव चिकटवलं होतं. पुढे त्याच्या हातचा एकही काप तसूभर तिरका निघेना, तेव्हा थट्टेचं कौतुक झालं आणि नाव तेच राहिलं. माणूस नाकासमोर चालणारा, बोलायला कंजूष. बायको म्हणायची, यांच्या तोंडून एक वाक्य काढायचं तर आधी हातातलं काम काढून घ्यावं लागतं.

बाप परांचीवरून पडून गेला तेव्हा तो शाळेत होता. आई त्याआधीच गेलेली. मामानं भाच्याला उचलून आपल्या घरी आणलं. मामा स्फटिक कापायच्या कारखान्यात होता. तिथे भट्टीत माल वितळवायचे, मग तो आठवडेच्या आठवडे इतक्या सावकाश निववायचे की शेवटी आतून पाण्यासारखा नितळ, डोक्याएवढा गोळा निघायचा. त्या गोळ्याच्या चकत्या दुर्बिणींत आणि किरण मोजायच्या यंत्रांत जात. मामा त्या कापून द्यायचा. मिसरूड फुटलं तसा भाचाही तिथेच लागला.

गोळा वरून दिसतो एकसंध, पण आतून त्याला अंग असतं. अणू असे बसलेले असतात की जणू चौकोनी पेट्या एकीला एक लावून, एकीवर एक रचल्यात. कुठल्या अंगानं कापलं यावर सगळं अवलंबून. म्हणून प्रत्येक कापाला नाव असतं, आणि नाव म्हणजे तीन आकडे. एका पेटीचा एक कोपरा धरायचा. तिथून तीन कडा निघतात, पहिली, दुसरी, तिसरी. एकेका कडेचा एकेक आकडा. मामानं हे सगळं त्याला एका दमात शिकवलं होतं. "आकडा एक असेल तर काप त्या कडेला एकावर भेटतो. शून्य असेल तर भेटतच नाही, बाजूनं समांतर निघून जातो. एवढं ध्यानात ठेव, बाकी हाताचं काम."

त्यानं ते ध्यानात ठेवलं. एक शून्य शून्य म्हणजे पेटीच्या भिंतीला धरून सरळ काप. एक एक शून्य म्हणजे दोन कडा तोडून जाणारा तिरपा. एक एक एक म्हणजे कोपराच छाटणारा, तिन्ही कडांना सारखा भिडणारा. कारखान्यात येणारं काम या तिघांतच असायचं. मामा म्हातारा होऊन घरी बसला, त्याची जागा भाच्यानं घेतली, केस पांढरे झाले, आणि या तीन नावांपलीकडे चौथं नाव काही त्याच्या मेजावर आलं नाही.

ते आलं त्या वर्षी, जेव्हा भट्टीवाल्या बाईंनी आजवरचा सर्वांत मोठा गोळा काढला. भट्टीवाल्या बाई म्हणजे गोळे वाढवणाऱ्या विभागाच्या प्रमुख. शिकलेल्या, पण खुर्चीत न बसता भट्टीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या. हा गोळा एका दूरच्या प्रयोगशाळेच्या यंत्रासाठी होता. तो निवत असताना बाई रजेवर गेल्या नव्हत्या, आजारी पडल्या नव्हत्या, आणि त्यांच्या हाताखालचे सांगत, त्या नीट जेवल्याही नव्हत्या. भट्टी पुढच्या कामाला दिलेली होती. हा गोळा गेला तर दुसरा काढायला पुन्हा पाळी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: काप, दोन दोन एक.

ओळंब्यानं चिठ्ठी वाचली, मान हलवली आणि कामाला लागला. दोन असेल तर दोनावर भेटणार. त्यात विचारायचं काय? पहिल्या कडेवर दोन पेट्या लांब, दुसरीवर दोन पेट्या लांब, तिसरीवर एकच. त्यानं कागदावर आकृती काढली, कोन मोजला. गोळ्याच्या कडेची एक ढलपी हलक्या टोल्यानं उडवली. हा स्फटिक एक एक एकच्या अंगानं आपणहून आरशासारखा फुटतो. ती आरशी धरून मोजायचं आणि तिथून गोळा ठरलेल्या अंशांनी कलवायचा. एरवी असा कल लावला की किरणांच्या यंत्राखाली धरून पडताळा घेत. पण यंत्राची नळी गेली होती, नवी वाटेत होती, आणि प्रयोगशाळेची माणसं थांबायला तयार नव्हती. कारखान्याचे साहेब म्हणाले, ओळंबा असताना यंत्र कशाला? सगळे हसले. तोही थोडा हसला.

गोळा मेणानं पट्टीवर बसवला, पट्टी करवतीवर चढवली. ही करवत म्हणजे हिऱ्याची पूड लावलेली बारीक तार. तेलाच्या थेंबाखाली ती मागेपुढे धावते आणि मुंगीच्या पावलानं खाली उतरते. तो तार ताणून बघत होता तेव्हा बाई आल्या. त्या करवतीच्या खोलीत सहसा येत नसत. मागे एकदा त्यांनी एका कापाबद्दल आपला हट्ट धरला होता, आकडेमोडीत त्यांचीच चूक निघाली होती आणि चांगला गोळा वाया गेला होता. दुधानं तोंड पोळलेलं. तेव्हापासून करवतीपाशी मिस्त्रीचा शब्द शेवटचा, असं त्या स्वतःच म्हणत.

त्यांनी सहज विचारलं, कल किती लावलाय. त्यानं सांगितलं, साडेएकोणीस अंश, तिसऱ्या कडेच्या बाजूला.

बाईंनी कोटाच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, पाहिला, परत घडी घातली. मग म्हणाल्या, "माझा सोळाच्या आत येतोय, मिस्त्री. आणि उलट्या बाजूला. तिसऱ्या कडेपासून लांब."

त्यानं आकृती दाखवली. दोन, दोन, एक. बोट ठेवून दाखवलं. बाई म्हणाल्या की त्यांना शिकवलं होतं ते असं: कडा जिथे तुटते तो आकडा उलटा करायचा, एकाखाली घालायचा. का, ते त्यांनाही नेमकं सांगता येईना. सूत्र होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पुढे भट्टीच्या कामात कधी लागलं नाही. तो म्हणाला की आपण आजवर आकडे कधी उलटे केले नाहीत आणि आजवर एकही काप चुकला नाही. हे खरंच होतं. बाईंनाही ते माहीत होतं.

शेजारच्या मेजावरची दोघं कान टवकारून बसली होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कागद खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी मी बोलले आणि काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणाल ते."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण असतं तर त्यानं आपली बाजू लावून धरली असती. आता गोळा, बाईंचे ते सगळे आठवडे, सगळा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आला. त्यानं खटका दाबला.

तार धावू लागली. तेलात पांढरी पूड उतरू लागली. या आवाजानं एरवी त्याचं मन शांत व्हायचं; आज तो आवाज दातांत शिरत होता. उलटे केले काय आणि सुलटे केले काय, एकाचा उलटा एकच, असं त्याच्या मनात आलं. म्हणजे आजवरचे सगळे काप दोन्ही रीतींनी बरोबरच आले असते. आपण चुकलो नाही यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. चुकायची संधीच कधी आली नव्हती.

त्यानं स्वतःला धीर द्यायला मामाचा नियम मनात म्हटला. एक असेल तर एकावर. दोन असेल तर दोनावर. शून्य असेल तर…

शून्यावर?

शून्यावर म्हणजे कोपऱ्यातच. पण शून्याचा काप कोपऱ्यात जात नाही, तो त्या कडेला जन्मात भेटत नाही. हे तर त्यानं शेकडो वेळा स्वतःच्या हातानं कापलेलं. मग एकाच नियमात दोन म्हणजे दोन पेट्या लांब आणि शून्य म्हणजे सगळ्यांत लांब, हे कसं? शून्य सगळ्यांत लांब असेल तर आकडा वाढेल तसं जवळ यायला हवं. एकाहून दोन जवळ हवा, लांब नव्हे.

तार तोवर नखाएवढी आत शिरली होती. हा स्फटिक असा की तार अर्ध्यात थांबवली तरी तिचा ताण एखाद्या वेळी त्याला फोडतो. चालू ठेवावी तर प्रत्येक क्षणाला खाच खोल. त्यानं ताण हलके हलके सैल केला, तार वर घेतली आणि करवत बंद केली.

खोली एकदम शांत झाली. शेजारच्यानं विचारलं, काय झालं, तार तुटली? नाही, म्हणाला. आपला नियम टिकत नाही हे त्याला कळलं होतं, पण खरा नियम कोणता हे डोळ्यांना दिसलं नव्हतं, आणि न दिसलेल्या गोष्टीवर तो कधी गोळा कापत नसे. जेवणाची सुट्टी व्हायची होती. तो तसाच उठला आणि घराकडे निघाला. घर कारखान्याच्या मागच्याच गल्लीत.

मामा खिडकीपाशी पलंगावर बसलेला. पाय गेलेले, पण डोकं शाबूत आणि जीभ त्याहून. बायको शिवणयंत्रावर कुणाचा तरी सदरा शिवत होती. अवेळी आलेल्या नवऱ्याकडे पाहून तिचा पाय थांबला.

त्यानं चप्पल न काढताच मामाला विचारलं, आकडा दोन असला तर काप कुठे भेटतो.

"दोन?" मामा म्हणाला. "माझ्या उभ्या जन्मात दोन आला नाही. दोन आला कुठून?"

त्यानं सांगितलं. गोळ्याचं सांगितलं, बाईंच्या कागदाचं सांगितलं, शून्याचं सांगितलं. मामा आधी उसळला. बाईला म्हणावं भट्टी सांभाळ, आमच्या उस्तादानं मला हेच सांगितलं, त्याला त्याच्या उस्तादानं. मग शून्याची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. पुन्हा ऐकली.

भाच्यानं मोरीतून कपडे धुण्याच्या साबणाची नवी वडी आणली आणि शिवणयंत्राच्या कडेला ठेवली. सुरीनं तिच्यावर पेट्या आखल्या. एक काप काही एकटा नसतो, हे तो मोठ्यानं बोलू लागला, अर्धं मामाशी, अर्धं स्वतःशी. ज्या अंगानं एक चकती निघते त्याच अंगानं तिच्या मागे दुसरी, तिसरी, सारख्या अंतरावर, गोळा संपेपर्यंत. मग आकडा कशाचा असेल? त्यानं वडीच्या एका कडेवर, एका पेटीच्या लांबीत सुरी एकदाच टेकवली. हा एक. दुसऱ्या कडेवर तेवढ्याच लांबीत दोनदा टेकवली. हा दोन. तिसऱ्या कडेवर सुरी आलीच नाही. हा शून्य.

बायको वाकून बघत होती. ती म्हणाली, "म्हणजे किती लांब ते नाहीच. किती दाट ते. टाक्यांसारखं. बोटभर कापडात टाके जास्त घातले की पुढचा टाका जवळ येतो."

तो साबणाकडे बघत राहिला. एका पेटीत दोनदा भेटतो, म्हणजे पहिल्यांदा भेटतो तो अर्ध्यावर. एकाखाली दोन. बाईंचं सूत्र. आणि शून्यदा भेटतो म्हणजे भेटतच नाही. सगळं एका माळेत आलं, शून्यासकट. दोन दोन एक म्हणजे पहिल्या दोन कडांना जवळून, अर्ध्यावर तोडणारा काप, तिसरीला लांब. त्यानं लावलेला कल बरोब्बर उलट्या अंगाला होता. तो जे कापत होता त्याचं नाव एक एक दोन.

"म्हणजे मी तुला चुकीचं शिकवलं," मामा म्हणाला.

"अर्धं बरोबर होतं, मामा."

"अर्धं बरोबर असतं ते जास्त वाईट. पुरतं चूक असतं तर पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं." मामानं तोंड खिडकीकडे फिरवलं. "जा आता. तिकडे गोळा मेणावर बसलाय. इथे माझी समजूत काढत बसू नकोस."

तो परत आला तेव्हा बाई बंद करवतीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. कशालाही हात लावला नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की कल चुकला होता, बाईंचा बरोबर आहे, आणि का बरोबर आहे तेही सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा लवलेश नव्हता. त्या म्हणाल्या, "मला खात्री असती तर मी ओरडले असते. खात्री नव्हती म्हणून गप्प बसले. ते काही शहाणपण नव्हतं."

मग दोघांनी खाच पाहिली. खाच कडेला होती. चकती थोडी लहान निघाली असती, पण निघाली असती. अडचण वेगळीच होती. उलट्या बाजूचा कल पट्टीवर तसाच फिरवून लागत नव्हता. गोळा मेणातून सोडवून पुन्हा बसवायला हवा होता. मेण सोडवायचं म्हणजे गरम करायचं, आणि हा स्फटिक काचेहून नाजूक. उष्णता एका अंगाला जरा जास्त झाली की आरशासारखा दुभंगतो. पहिल्यांदा बसवताना तो धड होता. आता त्याच्या अंगावर खाच होती, आणि फूट नेहमी खाचेतून सुरू होते.

साहेब म्हणाले, एवढा धोका घेण्यापेक्षा आहे तसाच कापून द्यावा का, त्यांना कुठे कळणार आहे? बाईंनी ओळंब्याकडे पाहिलं. तो म्हणाला, यंत्रात बसवल्यावर किरण येणारच नाहीत, मग त्यांना कळेल. साहेब निघून गेले. जाताना म्हणाले, फुटला तर मला सांगायला येऊ नका.

पट्टीसकट गोळा तव्यावर ठेवला, वर काचेचं झाकण घातलं. उष्णता किती चढवायची ते बाईंनी सांभाळलं. ते त्यांचं काम. ओळंबा लाकडी चिमटे घेऊन समोर. शेजारच्या मेजावरची करवतही कुणी चालवली नाही, हादरे नकोत म्हणून. बाई बटण केसभर फिरवत, थांबत, पुन्हा केसभर. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी त्यानं हात हलवला नाही. दुपार कलली. मेणाच्या कडेला ओलसर चमक आली.

आणि ठक्‌ असा आवाज झाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यानं वाकून पाहिलं. खाचेपासून एक पातळ पापुद्रा सुटला होता, आरशासारखा लख्ख, नखाएवढ्या जाडीचा, आणि गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला निसटून मेणात पडला होता. फूट आत गेली होती का? त्यानं झाकणावरून दिवा धरला, एका बाजूनं, मग दुसऱ्या. आत कुठे रेघ चमकते का ते शोधत राहिला. बाईंनी डोळे न उघडता विचारलं, "मिस्त्री, आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "कडेचं गेलं. आतला धड आहे."

मेण सुटल्यावर त्यानं चिमट्यांनी गोळा उचलला आणि कोमट वाळूत ठेवला. तिथे तो सावकाश निवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवला. या वेळी कल आधी बाईंनी मोजला, मग त्यानं, एकमेकांना न सांगता. दोघांचा सारखा आल्यावरच तार खाली घेतली. काप संपेपर्यंत तो जेवायलाही उठला नाही. चकती सुटली तेव्हा ती तळहातावर घेऊन त्यानं बाईंकडे दिली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

यंत्राची नळी पुढच्या आठवड्यात आली. चकती त्याखाली धरली. किरणांचा ठिपका जिथे पडायला हवा तिथे पडला. बाईंनी त्याला बोलावून ठिपका दाखवला. चकती मागितल्यापेक्षा कडेनं कमी भरली होती. प्रयोगशाळेच्या माणसांनी कुरकुर केली. बाईंनी फोनवर सगळं जसं घडलं तसं सांगितलं, ओळंब्याचं आणि आपलंही. शेवटी प्रयोगशाळेनं ती बसवून घेतली. साहेब मात्र बरेच दिवस दोघांशी तुटक वागले.

कापणाऱ्या दोघांना ओळंब्यानं साबणाची वडी आणून नवा नियम दाखवला. त्यांतला एक म्हणाला, म्हणजे ओळंबासुद्धा डोलतो म्हणायचा. त्यावर तो रागावला नाही. उलट त्यांना विचारलं, मी सांगतोय ते शून्याला लागू पडतं का ते तपासा, मगच माना.

घरी मात्र दिवस जड गेले. मामानं बोलणं टाकलं. ताट ठेवलं की भिंतीकडे तोंड करून जेवायचा. बायकोनं दोनदा विषय काढला, मामानं पांघरूण डोक्यावर ओढलं. भाच्याला समजत होतं. ज्या माणसानं त्याला घर दिलं, हाताला काम दिलं, त्याच माणसाच्या शिकवणीतली चूक त्यानं चारचौघांत मांडली होती. न मांडून चाललं नसतं. पण हे कुणी मामाच्या तोंडावर बोलून दाखवायचं?

एका सुट्टीच्या सकाळी तो दाढी करत होता. मागून मामाचा आवाज आला, खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला.

"त्या आकड्यांवर कधी कधी आडवी रेघ असते. डोक्यावर. एकदा आलेलं माझ्याकडे. उस्ताद म्हणाला, छापणाऱ्याची चूक आहे, सोडून दे. मी सोडून दिली." मामा थांबला. "ती कसली असते रे?"

ओळंब्यानं साबणाचा फेस टॉवेलनं पुसला. दाढी अर्धीच झाली होती. त्यानं बाईंना विचारून ठेवलं होतं, पण घाईनं सांगितलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला, पांघरुणाची एक घडी वर उचलून कोपरा केला आणि म्हणाला, "कडा कोपऱ्यातून पुढे जाते ना, मामा, तशी मागेही जाते. रेघ असली की मागच्या अंगाला मोजायचं."

मामानं त्या कोपऱ्यावर आपलं बोट ठेवलं. पुढे सरकवलं. मग मागे आणलं.

"म्हणजे तो गोळा मी उलट्या तोंडानं दिला," तो म्हणाला. जरा वेळानं म्हणाला, "दोन्ही तोंडांनी सारखाच होता बहुतेक. काही फरक पडला नसेल."

"कुठल्या आकड्यावर होती रेघ?" भाच्यानं विचारलं.

मामा आठवू लागला. बायकोनं आतून चहाचे दोन कप आणून ठेवले आणि मागे उभी राहिली.